तेलाखालची वस्ती

गोविंदराव, काल तुमचा दहावा झाला आणि आज सकाळी तुमच्या खोलीची किल्ली माझ्या हातात आली. दवाखान्यामागची ती पत्र्याची खोली. नवा माणूस यायच्या आत ती रिकामी करून द्यावी, असा वरून हुकूम आहे. मी कुलूप काढलं आणि सवयीनं म्हणालो, "काय गोविंदराव, काय निघालं आज?" उत्तर आलं नाही, तेव्हा मी दाराची चौकट धरून जरा वेळ तसाच उभा राहिलो.

सगळं जागच्या जागी आहे. सूक्ष्मदर्शकावर तुमच्या जुन्या धोतराचा तुकडा पांघरलेला. स्पिरिटचा दिवा पुसून ठेवलेला. आणि खालच्या फळीवर त्या नऊ बाटल्या, प्रत्येकीत मांसाचा गढूळ रस्सा आणि त्यावर दोन बोटं करडईचं तेल. चिठ्ठ्यांवर तुमचं बारीक उर्दू अक्षर. त्या तेलाखाली तुमची माणसं अजून जिवंत असतील. माणसाच्या आतड्यात राहणाऱ्या जंतूंना तुम्ही माणसंच म्हणायचात, नाहीतर हैदराबादेत शिकलेल्या शब्दानं 'जरासीम'. त्या बाटल्या मोरीत ओतून द्यायच्या होत्या. हात उचलेना, म्हणून तुमच्याच स्टुलावर बसून हे लिहितोय.

आपली ओळख भांडणानंच झाली. मी जालन्याचाच, पण पुण्याला शिकून आल्यामुळे शेफारलेला. पोलीस ॲक्शनला दोन-तीन वर्षं झाली होती. तुम्ही हैदराबादेत उर्दूतून डॉक्टरी शिकत होता, शेवटचं वर्ष त्या धामधुमीत बुडालं, मग तिकडची शिकवायची भाषाच बदलली आणि तुम्ही परत गेला नाहीत. इथं येऊन लोकांची थुंकी आणि शौच तपासायला बसलात. पहिल्याच दिवशी तुम्ही माझ्यापुढे तपासणीचा कागद ठेवलात, सगळा उर्दूत. मी म्हणालो, हे मला वाचता येत नाही.

"मंग आज मी वाचून दाखवतो," तुम्ही म्हणालात. "उद्यापासून मराठीत लिहीन. पण इंग्रजीत मागू नका, डॉक्टरसाहेब. तीन भाषांत घाण तपासायला मला येत न्हाई."

मला राग आला होता. घरी जाऊन बायकोला, इंदूला सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून हसली. तिचं माहेर वाटूर. तिला तुमची बोली माझ्यापेक्षा जवळची होती.

मग तो दिवस, तुम्ही मला हाताला धरून इथं आणलंत तो. भिंगाखाली एक काच होती आणि शेजारी काचेची एक बशी. काचेवर इतकी गर्दी की पाहताना डोळा ठरेना. बशीवर मात्र चार-दोन ठिपके उगवलेले. दोन्हींवर एकाच माणसाचं शौच.

"इथं मोंढ्यातला बाजार भरलाय," तुम्ही भिंगाकडे बोट दाखवून म्हणालात, "आन् बशीवर उगवलेत मोजून दोन जातींचे. मंग बाकीचे गेले कुठं?"

"मेलेले असतील."

"न्हाई. मी मारले. बशी उघडी ठेवली ना मी. हवेनं मेले."

मी पुस्तकात वाचलं होतं की काही जंतूंना हवा सोसत नाही. पण तो धडा धनुर्वाताचा आणि कुजलेल्या जखमांचा. परीक्षेपुरता पाठ केलेला. आपल्या पोटात तसलेच जंतू गावभर पसरलेत, तेच तिथले खरे रहिवासी आणि आपण बशीवर वाढवून ज्यांची नावं लिहितो ते चार वाटसरू, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हालाही नव्हतं सांगितलं. तुम्ही बशीकडे आणि काचेकडे आळीपाळीनं बघत स्वतःशीच ते जुळवलं होतं. ज्या प्राणवायूवर आपण जगतो तो त्यांना विष. आतड्याच्या आतल्या अंधारात, जिथं हवा पोचत नाही, तिथं ते आंबवून खातात, वायू सोडतात, सावकाश वाढतात. तुम्ही हे सांगत होता आणि मी घड्याळ बघत होतो. बाहेर रोग्यांची रांग होती. आता त्या घड्याळाची लाज वाटते.

त्यांना जगवायचं कसं, हा तुमचा पुढचा घोर. रस्सा उकळून त्यातली हवा काढता येत होती, पण गार झाला की पुन्हा शिरायची. वर घालायला पॅराफिन मागवलं होतं ते येईना. आणि मग तुम्ही आमच्याकडे जेवायला आलात. इंदूनं लोणच्याची बरणी उघडली आणि तुम्ही घास हातात धरून बरणीत बघत बसलात.

"वहिनी, हे तेल इतकं वर कशापायी?"

"हवा लागू नये म्हणून. फोडी बुडून वर दोन बोटं तेल पाहिजे. न्हाईतर बुरशी धरती."

तुम्ही जेवण अर्ध्यावर टाकून उठलात. इंदूला वाटलं, वाढण्यात काही चुकलं. दुसऱ्या दिवशी कळलं की तुम्ही घरी जाऊन बाटल्या उकळल्या होत्या. आठवड्यानं मला दाखवलंत. तेलाखाली रस्सा ढवळून निघाला होता, बुडबुडे धरले होते आणि बूच काढताच जो वास सुटला त्यानं मी खोलीबाहेर पळालो. "अर्धे मेले असतील, तेलातनं बी थोडी हवा जाती," तुम्ही आतून ओरडून सांगितलंत, "पण अर्धे बिलकुल मजेत हायत." आनंदानं तुमचा आवाज चिरकला होता. त्या वर्षापासून लोणचं घातलं की इंदू एक बरणी तुमच्यासाठी वेगळी काढू लागली.

तुमच्याबद्दल मला सर्वांत जास्त काय आवडायचं, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. पिंपळगाव रेणुकाईचे ते म्हातारबाबा आठवतात? ताजा नमुना झाकून आणा, असं तुम्ही त्यांना बजावलं होतं. ते पुडी घेऊन आले. आत काय, तर दोन दिवस माळवदावर कडक उन्हात वाळवून, कुटून, वस्त्रगाळ केलेली भुकटी. म्हणाले, "मोटारीत लोकं बसत्यात साहेब. वास यायला नगं म्हून साफसूफ करून आनलं." मी हसू आवरायला तोंड फिरवलं. तुमच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. तुम्ही पुडी दोन्ही हातांनी घेतलीत, बाबांना बाकावर बसवलंत आणि आत कोण राहतं, त्यांना ऊन-वारा का सोसत नाही, हे सगळं बयाजवार सांगितलंत. बाबांनी शेवटी विचारलं, "म्हंजे मी त्यांचा जीव घेतला म्हना की." तुम्ही म्हणालात, "आत लई हायत अजून. काळजी करू नका." ते रात्री तुमच्याकडे मुक्कामाला राहिले आणि सकाळी बराबर नमुना देऊन गेले. ज्या माणसाचं शरीर त्यालाच आधी सांगायचं, हा तुमचा नेम. मी त्याला वेळेचा अपव्यय म्हणायचो.

इंदूला मात्र तुमच्या गोष्टी ऐकवत नसत. ती सोवळ्यातली. पिण्याचं पाणी स्वतः भरणार, धुतलं नेसूनच चुलीपुढे बसणार, उष्टा हात भांड्याला लागला तर भांडं राखेनं तीनदा घासणार. आणि तुम्ही ताटावर बसून सांगायचात, की ज्वारीचा कोंडा आपल्याला पचत नाही, तो आत एक जरासीम फोडतो, त्याचं उष्टं दुसरा खातो, दुसऱ्याचं तिसरा, आणि शेवटी जे उरतं त्यावर आपलं आतडं पोसतं. "वहिनी, तुमचं एवढं सोवळं, पण आत बघा. साऱ्या गावाची पंगत, आन् सगळी उष्टी." इंदू "काहीतरीच" म्हणून उठून जायची. पण भाकरी तुम्हाला एक जास्तच वाढायची.

आता ते लिहायला हवं, ज्यासाठी हात आखडतोय.

इंदूच्या पाठीवर गळू झालं. चिरा देऊन, पोटीस बांधून बरं झालं असतं. पण तेव्हा त्या नव्या पिवळ्या कॅप्सूल नुकत्याच जालन्यात आल्या होत्या आणि नव्या नवरीसारखं त्यांचं कौतुक होतं मला. पाच दिवस द्यायच्या त्या मी बारा दिवस दिल्या. घरचं माणूस, कसर कशाला ठेवायची? गळू बसलं आणि जुलाब सुरू झाले. मी त्यावर दुसरं औषध दिलं, मग तिसरं. तीन आठवड्यांत ती अंथरुणाला चिकटली. बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. शिरेतून सलाईन चढवताना मला शीर सापडेना.

तुम्ही न सांगता तिचा नमुना नेलात आणि भरल्या दवाखान्यात मला येऊन म्हणालात, "गाव उठवलंत तुम्ही, डॉक्टरसाहेब. भिंगाखाली ओसाड पडलंय. एकच जात उरलीय आन् ती माजलीय. ओसाड गावात आधी कोण शिरतं? चोर. आता आणखी औषध देऊ नका."

चार रोगी ऐकत होते. आणि मी म्हणालो, "तुम्ही डॉक्टर नाही. अर्ध्यावर सोडून आलात, ते अर्धं इथं कुणाला शिकवू नका."

तुम्ही खिशातला कागद काढला होता तो घडी घालून परत खिशात ठेवलात. "बराबर हाय," म्हणालात आणि गेलात. त्यानंतर सहा वर्षं आपण रोज भेटलो, शेकडो वेळा एका पंगतीला बसलो, पण त्या वाक्याबद्दल मी तुमची क्षमा मागितली नाही. दरवेळी वाटायचं, आता जुनं झालं, तुम्ही विसरला असाल. माणूस असलं वाक्य विसरतो का, गोविंदराव?

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही पुन्हा आलात. घरी आलात, चौघांत नाही. हळूच म्हणालात, की उठलेलं गाव पुन्हा वसवायचं तर माणसं बाहेरून आणावी लागतील. तिच्याच घरात वाढलेल्या, तिच्याच ज्वारीवर पोसलेल्या निरोगी माणसाच्या शौचातली. दुसरा उपाय तुम्हाला दिसत नव्हता. हाही लागू पडेलच, असं तुम्ही म्हणाला नाहीत. माझ्याकडे तर कुठलाच उरला नव्हता. मी वाटूरला निरोप धाडला आणि इंदूचा भाऊ दत्तू शेतातली कामं टाकून आला. तपासणी करायची आहे, एवढंच त्याला सांगितलं. तुम्ही तीन दिवस त्याचं शौच तपासलंत. जंत नाहीत, आमांश नाही, वस्ती भरगच्च. "पाटील गडी हाय आतनं," तुम्ही खुशीत म्हणालात.

हे करायच्या आदल्या दिवशी तुम्ही मला विचारलंत, "वहिनींना विचारलं का?"

मी म्हणालो, वेडे आहात का? ती जीव देईल पण हे करू देणार नाही. मिठाच्या पाण्याचा एनिमा आहे, असं सांगतो. बरी झाली की खरं काय ते मी सांगेन.

तुम्ही म्हणालात, "ठीक हाय. पण सांगा."

त्या सकाळी तुम्ही उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यात दत्तूचं शौच कालवलंत, मलमलीतून गाळलंत, वर तेल घातलंत आणि बाटली छातीशी धरून इथून माझ्या घरापर्यंत भरभर आलात. हवा लागायच्या आत जल्दी पोचायचं होतं. घरी येऊन बघतो तर इंदूनं अंगावर पाणी घेतलेलं, केस ओले, दातावर दात वाजतायत. एवढ्या अशक्तपणात आंघोळ केलीच कशी, म्हणून मी तिच्यावर ओरडलो. ती केस पुसत राहिली. दवाखान्यातल्या नर्सनं एनिमा दिला. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले. पाचव्या दिवशी तिनं भाकरी मागितली, ज्वारीची, आणि तुम्ही दाराआड जाऊन डोळे पुसलेत. मी पाहिलं होतं.

मी तिला सांगितलं नाही.

बरी झाली की सांगेन म्हणालो होतो. मग म्हटलं, जरा अंग धरू दे. मग श्रावण आला, तिची व्रतं आली. त्यात कुठं सांगायचं? एकदा धीर केला, तर ती देवाला नैवेद्य दाखवत होती. दर महिन्या-दोन महिन्यांनी तुमचा प्रश्न ठरलेला, "सांगितलं का?" आपलं राज्य बदललं, हैदराबादचे आपण मुंबईचे झालो, खुर्च्यांवरचे साहेब बदलले, तुमचा प्रश्न तोच. एकदा मी वैतागून म्हणालो, की काही गोष्टी तुमच्या जंतूंसारख्या असतात, गोविंदराव. हवा लागली की मरतात. माझा संसार सुखाचा आहे, त्याच्यावर दोन बोटं तेल राहू द्या.

"तेल लोणच्यावर ठीक हाय," तुम्ही म्हणालात. "बायकोच्या पोटात कोण राहून राह्यलंय, हे बायकोला म्हाईत न्हाई, असं घर बरं न्हाई."

"मग तुम्हीच सांगा जाऊन."

"ते तुमचं काम हाय." आणि हसलात. तुमचं ते हसू मला कळायचं नाही. मागच्या महिन्यात याच खोलीच्या पायरीवर बसून म्हणालात, "एकदा माझ्यादेखत सांगा. मला बघायचंय." मी चिडून निघून आलो. तेच आपलं शेवटचं नीट बोलणं.

इथवर लिहून मी दुपारी घरी गेलो. इंदू कैरीच्या फोडींना मीठ लावत होती. दोन बरण्या धुऊन पालथ्या घातल्या होत्या, मोठी आमची आणि लहान तुमची. सवयीनं दोन धुतल्या तिनं. त्या लहान बरणीकडे बघितलं आणि माझा धीर सुटला. खाली बसलो आणि सगळं सांगून टाकलं. कॅप्सूल, बारा दिवस, दत्तू, बाटली, मिठाच्या पाण्याची थाप. तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती. मी कैऱ्यांकडे बघत बोलत होतो.

तिचा हात थांबला नाही.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"सगळं. तुम्ही दवाखान्यात गेल्तात, तवा गोविंदभाऊ आल्ते. आदल्या दुपारी. माझ्या अंथरुणाशेजारी खाली बसले. कुणाचं हाय, कसं गाळणार, कुठून घालणार, सगळं उलगडून सांगितलं. म्हणाले, वहिनी, गुण येईलच असं न्हाई. आन् तुम्ही न्हाई म्हणलात तर मी हात लावणार न्हाई. डॉक्टरसाहेबांनी हुकूम केला तरी न्हाई."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी इचारलं, आधी आंघोळ करून घेऊ का?"

"हसले असतील."

"न्हाई हसले. म्हणाले, गरज न्हाई, पण मनाला बरं वाटत असंल तर करा. मंग केली."

मला ते ओले केस आठवले. आणि माझं ओरडणं.

"आणि तुझं सोवळं?"

"माहेरचं माणूस आलं तर त्याला कुणी दारात थांबवतं का?" तिनं मिठाचा हात धुतला. "ते तर तुम्हाला सांगणार होते, की वहिनींना ठाव हाय म्हणून. मीच शपथ घातली. म्हणलं, ह्यांनी आपल्या तोंडानं सांगू द्या. मला वाटलं, आठ दिवस लागतील."

मग इतक्या वेळात पहिल्यांदा तिचा आवाज भरून आला. "ते असताना सांगायचं होतं वं तुम्ही. त्यांना लई बघायचं होतं."

बाटल्यांचं काय करू, म्हणून तिलाच विचारलं. म्हणाली, घरी आणा, लोणच्याच्या फळीवर जागा आहे. फक्त चिठ्ठ्या मराठीत लावा, पाहुण्यांच्या पानात जायला नकोत. सोवळ्यातल्या माझ्या बायकोनं हे सांगितलं, गोविंदराव, आणि लहान बरणीत फोडी भरायला घेतल्या.

आता ऊन उतरलंय. मी परत तुमच्या खोलीत आलोय आणि बाटल्या एकेक करून टोपलीत गवतावर ठेवतोय, तेल हलू न देता. सहा वर्षं मी समजत होतो की ते गुपित माझं आहे आणि तुम्ही ते माझ्यासाठी सांभाळताय. तुम्ही सांभाळत होता मला. एका आजारी बाईला तिच्या शरीराविषयी विचारावं, हे पदवी घेऊन आलेल्या तिच्या नवऱ्याला सुचलं नाही, ते तुम्ही तिच्या अंथरुणाशी जमिनीवर बसून केलंत. त्या आठवड्यात माझ्या घरात एकच डॉक्टर येत होता, आणि त्यालाच मी भर दवाखान्यात, चार माणसांत, तुम्ही डॉक्टर नाही असं म्हणालो होतो.

चुकलो, डॉक्टरसाहेब.